बोटीवरचा बंब रिकामा करायचा कसा आणि बदलायचा कसा

२०२२ च्या डिसेंबरात आम्ही महिनाभर सांगलीला गेलो होतो. आमची नॅरोबोट, म्हणजे कालव्यातून फिरणारी लांब अरुंद बोट, इंग्लंडमधल्या ग्रँड युनियन कालव्यावर, ब्राउन्स्टनजवळ बांधून ठेवली होती. निघताना पाण्याचा पंप बंद केला, सगळे नळ उघडले. यायचं तेवढं पाणी आलं आणि थांबलं. गरम पाण्याची टाकी रिकामी झाली असं समजून आम्ही कुलूप लावलं. त्याच महिन्यात थंडीची लाट आली, कालव्यावर बर्फाचा थर धरला. जानेवारीत परत येऊन पंप चालू केला, तर नळ बंद असूनही तो थांबेचना. गरम पाण्याच्या टाकीच्या बुडाशी, जिथे पत्र्याची जोड असते, तिथून बारीक धार लागली होती.

टाकी रिकामी झालीच नव्हती. नव्याने बोट घेणाऱ्या बहुतेकांना हे कोणी सांगत नाही, म्हणून हे सगळं सविस्तर लिहिते आहे.

या टाकीला इंग्लंडमधले बोटवाले कॅलोरिफायर म्हणतात. आम्ही तिला बंब म्हणतो. गावाकडच्या तांब्याच्या बंबात मधल्या नळीत निखारे असतात आणि भोवती पाणी. इथे निखाऱ्यांच्या जागी इंजिनाचं गरम कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रव असतं. ते टाकीच्या आतल्या नळीच्या वेटोळ्यातून फिरतं आणि भोवतीचं पाणी तापवतं. कूलंट वेगळं, अंघोळीचं पाणी वेगळं, दोन्ही एकमेकांत मिसळत नाहीत. शिवाय टाकीत विजेचा एलिमेंटही असतो, किनाऱ्यावरची वीज जोडलेली असेल तेव्हा वापरायला.

आता पाणी आत का अडकतं ते बघा. थंड पाणी टाकीच्या बुडाशी शिरतं, गरम पाणी माथ्यावरून निघतं. थंड पाण्याच्या तोंडाशी एकेरी व्हॉल्व्ह असतो, आपल्याकडे प्लंबर ज्याला एनआरव्ही म्हणतात तो. तो पाणी मागे जाऊ देत नाही. म्हणजे पाण्याला खालून वाट नाही, आणि वरून ते आपणहून चढत नाही. नळ उघडले की रिकामे होतात ते फक्त पाइप. पाणी गोठताना साधारण ९ टक्के फुगतं, आणि भरलेल्या टाकीत त्याला फुगायला जागा नसते.

आधी गळतंय कुठून ते शोधा

टाकीखाली ओल दिसली की लगेच नवी टाकी मागवू नका. आमची नवी टाकी बसवून वर्षही झालं नव्हतं, तेव्हा तिच्या सेफ्टी व्हॉल्व्हमधून (दाब फार वाढला की पाणी बाहेर सोडतो तो) पाणी ठिबकायला लागलं. एका बोटयार्डात विचारलं, तर "टाकीच बदला" असं उत्तर मिळालं. त्या रात्री बाबांना व्हिडिओ कॉलवर दाखवलं. त्यांचं सांगलीत स्कूटर दुरुस्तीचं दुकान होतं. त्यांनी टाकीकडे बघितलंच नाही. शेजारी लावलेला फुटबॉलएवढा गोल डबा बघून म्हणाले, "अगं, याला तर टायरचा वॉल आहे. आधी हवा बघ. हवा न तपासता टायर बदलतं का कोणी?"

तो डबा म्हणजे एक्सपान्शन व्हेसल. पाणी १० अंशांवरून ६० अंशांपर्यंत तापलं की साधारण पावणेदोन टक्के फुगतं. आमची टाकी ५५ लिटरची आहे, म्हणजे दर वेळी जवळजवळ एक लिटर जादा पाण्याला जागा लागते. एनआरव्हीमुळे ते मागे जाऊ शकत नाही. या डब्यात रबरी पडद्यामागे हवा असते, ती दबते आणि पाण्याला जागा करून देते. हवा गेली की ते जादा पाणी सेफ्टी व्हॉल्व्हमधून बाहेर पडतं, आणि बघणाऱ्याला वाटतं टाकी गळतेय. आम्ही पंप बंद करून नळ उघडला, दाब घालवला, डब्यात हवा भरली. पाण्याचा पंप ज्या दाबाला बंद होतो, त्याच्या आसपास हवेचा दाब ठेवायचा. ठिबकणं थांबलं. वॉलची पिन दाबल्यावर हवेऐवजी पाणी आलं, तर आतला पडदा फाटला समजा. मग डबा बदला. टाकीला हात लावायची गरज नाही.

डबा ठीक असेल तर टाकी, जोड, पाइप सगळं कोरडं पुसून घ्या. प्रत्येक जोडाला टिश्यू पेपरची पट्टी गुंडाळा, पंप चालू करा आणि तासाभराने बघा कुठली पट्टी भिजली. जोड, ड्रेन कॉक, एलिमेंटचं वायसर यांतलं काही गळत असेल तर तेवढंच दुरुस्त होतं. पत्र्याची जोड फाटली असेल तर मात्र टाकी गेली. त्यावर डाग देऊन किंवा इपॉक्सी लावून वेळ मारून नेऊ नका. आत दाब असतो आणि खाली बोटीचा तळ असतो.

एक लक्षण मात्र गंभीरपणे घ्या. इंजिनाच्या कूलंटची पातळी आपोआप वाढत असेल आणि झाकणातून बाहेर येत असेल, किंवा गरम पाण्याला रंग, गोडसर वास येत असेल, तर आतलं वेटोळं फुटलं आहे. कूलंटमध्ये सहसा एथिलीन ग्लायकॉल असतं, ते विषारी आहे. त्या क्षणापासून गरम नळाचं पाणी स्वयंपाकाला, चूळ भरायला, कशालाच वापरू नका. अशी टाकी बदलायचीच.

मापं

नॅरोबोट जेमतेम सात फूट रुंद. अनेक बोटींमध्ये टाकी आधी बसवतात आणि कपाट तिच्याभोवती नंतर बांधतात. त्यामुळे जुनी टाकी बाहेर कशी येणार आणि नवी आत कशी जाणार, हे दुकानात जाण्याआधी टेप लावून बघा. व्यास आणि लांबी तर मोजाच, शिवाय इंजिनरूमचं दार, पायऱ्यांचं वळण, कपाटाची चौकटही मोजा. टाकीवरून बाहेर आलेले एलिमेंटचं टोपण आणि पाइपांची तोंडं धरून मोजा. टाकी आडवी बसवायची की उभी हे आधीच ठरवा, कारण आडवी टाकी उभी करून चालत नाही.

जुन्या टाकीचे फोटो सगळ्या बाजूंनी काढा. प्रत्येक पाइपला चिकटपट्टी लावून त्यावर लिहा: थंड, गरम, इंजिनाकडून, इंजिनाकडे. त्या दिवशी सगळं लक्षात असतं, नवी टाकी आठवड्याने येते तेव्हा नसतं. पाइपांचे व्यास लिहून ठेवा. इंग्लंडमध्ये घरगुती पाण्याचा पाइप बहुधा १५ मिलीमीटरचा, तर इंजिनाच्या बाजूचा १५ किंवा २२ चा.

मोठी टाकी घ्यायचा मोह होतो. ५५ लिटर पाणी १० अंशांवरून ६० वर न्यायला सव्वातीन युनिट वीज लागते, म्हणजे १ किलोवॅटच्या एलिमेंटला सव्वातीन तास. ७५ लिटरला साडेचार तासांच्या आसपास. रोज तासभरच इंजिन चालवत असाल तर मोठी टाकी कोमटच राहील. दोघांना ४० ते ५५ लिटर भरपूर होतात, असा माझा अनुभव.

वीज, इंजिन, पंप

काम सकाळी सुरू करा आणि आदल्या रात्रीपासून इंजिन बंद ठेवा. चालू इंजिनाचं कूलंट ८० अंशांच्या आसपास असतं आणि टाकीतलं पाणीही तितकंच तापलेलं असू शकतं. किनाऱ्यावरची वायर खांबातून उपसून आत आणून ठेवा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. इन्व्हर्टरही बंद करा. काही बोटींमध्ये एलिमेंट इन्व्हर्टरवरूनही चालतो, आणि किनाऱ्याची वीज काढली म्हणून निर्धास्त झालेल्या माणसाला तिथे शॉक बसू शकतो. टेस्टर लावून खात्री झाल्यावरच एलिमेंटचं टोपण उघडा. शेवटी पाण्याच्या पंपाचा फ्यूज काढा.

आणखी एक, आणि हे विसरू नका: बोटीच्या तळाचं पाणी उपसणारा आपोआप चालणारा पंप असेल तर तोही या कामापुरता बंद करा. कूलंट तळात सांडलं तर तो पंप ते थेट कालव्यात फेकेल. ग्लायकॉलची चव गोड असते, कुत्री ते चाटतात आणि मरतात. कालव्याच्या काठाने दिवसभर कुत्री फिरत असतात.

रिकामी करणं

टाकीच्या बुडाशी ड्रेन कॉक असतो. त्याला पाइप लावा, दुसरं टोक बादलीत सोडा. आता सगळे गरम नळ उघडा आणि टाकीवरच्या सेफ्टी व्हॉल्व्हची कळ उचलून ठेवा. वरून हवा आत शिरली तरच खालून पाणी येईल. मगच कॉक उघडा.

बादल्या मोजा. सोपी वाटते, पण सगळ्यात उपयोगाची युक्ती हीच आहे. १० लिटरची बादली असेल तर ५५ लिटरच्या टाकीतून पाच भरून सहावी सुरू व्हायला हवी. तीन बादल्यांनंतर धार थांबली, तर टाकी रिकामी झालेली नाही, कॉक तुंबला आहे. ग्रँड युनियनच्या दक्षिण भागातल्या नळांच्या पाण्यात क्षार खूप, त्यामुळे बुडाशी चुन्याच्या खपल्या साचतात. बर्मिंगहॅमला वेल्समधल्या एलान खोऱ्यातलं पाणी येतं, त्यात क्षार कमी, तिकडच्या टाक्या आतून स्वच्छ निघतात. कॉक तुंबला असेल तर तारेने हलकेच टोचा, किंवा पाइपातून तोंडाने जोरात फुंका. खपल्या हलतात आणि धार पुन्हा लागते. आमच्या जुन्या टाकीतून पाचव्या बादलीत मूठभर पांढऱ्या चुऱ्यासारखं निघालं, बोटांत चुरगाळलं तर रांगोळीसारखं लागलं.

एवढं करूनही कॉकच्या पातळीखाली दोनतीन लिटर पाणी राहतंच. टाकी उचलताना ते बाहेर सांडणार हे धरून खाली जुने टॉवेल पसरा. फक्त हिवाळ्यासाठी रिकामी करत असाल तर तेवढं पाणी राहिलं तरी चालतं. टाकीत मोकळी जागा असते, ते गोठून फुगलं तरी पत्र्यावर जोर येत नाही.

कूलंटची बाजू

नॅरोबोटचं इंजिन सहसा कालव्याचं पाणी आत घेत नाही. बोटीच्या लोखंडी कुशीला आतून एक चपटी टाकी वेल्ड केलेली असते, कूलंट त्यातून फिरून थंड होतं. त्या सगळ्यात मिळून बरंच कूलंट असतं, आणि ते सगळं काढायची काही गरज नाही. टाकीकडे येणाऱ्या दोन्ही रबरी नळ्यांना होज क्लॅम्प लावून चिमटा आणि मगच क्लिपा सोडवा. वेटोळ्यातलं लिटर-दोन लिटर तेवढं पसरट टबात येईल. नळी जुनी आणि कडक झाली असेल तर चिमटल्यावर तडकते. बोटाने दाबून बघा, लवचीक नसेल तर ती याच वेळी बदला. कूलंट कॅनमध्ये भरून वर ठळक अक्षरांत लिहा आणि बोटयार्डात किंवा कचरा केंद्रावर नेऊन द्या. नळ्यांची तोंडं बूच किंवा प्लास्टिकची पिशवी बांधून बंद करा.

जुनी काढून नवी बसवणं

तांब्याच्या पाइपचा जोड सोडवताना दोन पाने लागतात. एका पान्याने टाकीच्या बाजूचा भाग घट्ट धरायचा, दुसऱ्याने नट फिरवायचा. एकाच पान्याने जोर लावला की पाइप पिळतो आणि दोन फूट पलीकडे, भिंतीमागे, दुसराच जोड गळायला लागतो. माझ्या नवऱ्याने पहिल्याच जोडाला हे केलं आणि संध्याकाळ त्यातच गेली.

टाकी दोघांनी उचला. ती निघाली की खालची फळी बघा. प्लायवूड कुजलं असेल तर नवं मरीन प्लाय घालून रंगवून घ्या, कारण ५५ लिटरची भरलेली टाकी म्हणजे ५५ किलो पाणी आणि वर टाकीचं वजन, तेही हलत्या बोटीत. नवी टाकी दोन ठिकाणी पट्ट्यांनी आवळा. आणि बसवण्याआधी ड्रेन कॉक कुठल्या बाजूला येतोय ते बघा. तो भिंतीकडे गेला तर पुढच्या हिवाळ्यात हात पोहोचणार नाही. आम्ही त्याला कायमचा रबरी पाइप जोडून तोंड कपाटाच्या दाराशी आणलं आहे.

सेफ्टी व्हॉल्व्ह आणि एनआरव्ही जुने वापरू नका. टाकीच्या किमतीपुढे त्यांची किंमत नगण्य आहे. सेफ्टी व्हॉल्व्ह टाकीवर लिहिलेल्या दाबाला साजेसा हवा. टाकी आणि सेफ्टी व्हॉल्व्ह यांच्यामध्ये दुसरा कुठलाही कॉक बसवायचा नाही, आणि त्याची पाणी सोडणारी नळी कधीही बुजवायची नाही. थर्मोस्टॅट अडकला तर टाकी फुटण्यापासून वाचवणारा तो शेवटचा भाग आहे.

गरम पाणी निघतं तिथे मिक्सिंग व्हॉल्व्ह नसेल तर या वेळी बसवून टाका. तो थंड पाणी मिसळून नळाचं तापमान बेताचं ठेवतो. इंजिनाने तापवलेलं पाणी हात भाजेल इतकं गरम असतं, घरात लहान मूल असेल तर हा खर्च टाळू नका.

आटे असलेल्या जोडांना टेफ्लॉन टेप आट्यांच्या दिशेने गुंडाळा, उलटा गुंडाळला तर आवळताना सुटतो. रबरी वायसर असेल तिथे टेप नको. प्लास्टिकचे ढकलून बसणारे जोड असतील तर पाइप सरळ कापा, कडेची बुरी घासून काढा आणि तो किती आत जायला हवा तिथे पेनाने खूण करा. खूण दिसत राहिली तर पाइप पूर्ण बसलेला नाही.

२३० व्होल्टची जोडणी मी स्वतः करत नाही आणि नवख्याने करावी असंही मला वाटत नाही. पाणी आणि लोखंडी बोट यांच्या मधोमध ती वायर आहे. बोटींचं काम करणाऱ्या इलेक्ट्रिशियनला बोलवा, उष्णता सहन करणारी वायर आणि अर्थिंग त्याच्याकडून तपासून घ्या.

भरताना क्रम चुकवू नका

आधी पाणी. ड्रेन कॉक आणि सेफ्टी व्हॉल्व्ह बंद, गरम नळ सगळे उघडे, मग पंप चालू. नळ आधी हवा सोडतील, मग थुंकल्यासारखे फुर्र फुर्र करतील, मग सलग धार येईल. धार सलग झाली की एकेक नळ बंद करत जा. शेवटचा नळ बंद झाल्यावर पंप थांबायला हवा. आता चहा करा आणि पंपाचा आवाज ऐकत बसा. कोणी पाणी वापरत नसताना तो मधूनच घुर्र करून थांबला तर कुठेतरी गळतंय. टिश्यूच्या पट्ट्या पुन्हा गुंडाळा. पहिल्या भरणीचं पाणी सोडून द्या, दुसरी वापरा.

मग कूलंट. नळ्या जोडा, क्लॅम्प काढा, जितकं सांडलं तितकं नवं कूलंट घाला. ते आधीच्याच जातीचं असावं. झाकण उघडं ठेवून इंजिन चालू करा आणि बुडबुडे येत राहतील तसं वरून भरत जा. तापायला लागलं की झाकण लावा, नंतर इंजिन गार होईपर्यंत ते उघडायचं नाही. वीसेक मिनिटांनी टाकीच्या दोन्ही नळ्यांना सांभाळून हात लावा. दोन्ही गरम असतील तर वेटोळ्यातून कूलंट फिरतंय. एक गरम आणि दुसरी गार असेल तर मध्ये हवा अडकली आहे. ती सगळ्यात उंच जागी बसते. तिथला हवा सोडायचा स्क्रू उघडा, स्क्रू नसेल तर इंजिन गार झाल्यावर नळी वरखाली करून हवा पुढे ढकला. आम्हाला यात तीन दिवस लागले. नळी एका ठिकाणी फळीवरून उंच उचलून नेली होती, तो उंचवटा काढला आणि हवा गेली.

वीज सगळ्यात शेवटी. गरम नळातून पाण्याची सलग धार येताना डोळ्यांनी बघितल्याशिवाय एलिमेंटचं बटण दाबू नका. कोरड्या टाकीत तो बघता बघता जळतो. थर्मोस्टॅट ६० अंशांवर ठेवा. त्याहून बराच कमी ठेवला तर टाकीतल्या कोमट पाण्यात लिजिओनेला जातीचे जंतू वाढू शकतात, २० ते ४५ अंश त्यांना मानवतात.

मुंबईत शिडाची बोट असलेल्यांना बर्फाची भीती नाही. पण पावसाळ्याआधी बोटी पाण्याबाहेर काढतात, तेव्हा टाकीत चार महिने पाणी साचून राहतं. तीही अशीच बादल्या मोजून रिकामी करा. समुद्रातल्या बोटीच्या वेटोळ्यात इंजिनाचं बंद फेऱ्यातलं कूलंटच फिरायला हवं, खारं पाणी नाही. जुनी बोट घेताना हे तपासून घ्या.

आता दर नोव्हेंबरात हे काम आमचं अर्ध्या तासात होतं. पाच-सव्वापाच बादल्या, मग शॉवरचा पाइप खाली लोंबता सोडणे, पंपातलं पाणी काढणे, सगळे नळ आणि ड्रेन कॉक उघडे ठेवणे. एलिमेंटच्या बटणावर सुतळीने एक पुठ्ठा बांधतो. त्यावर मार्करने लिहिलंय: "टाकी रिकामी. आधी पाणी भर."